मदत हवी आहे: एमजीबीचा सिल कापताना मागचं मडगार्ड कुठून कापू?

गाडी १९७२ची एमजीबी रोडस्टर (उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार). डावा सिल (दाराखालची पत्र्याची पोकळ पेटी) वरून ठणठणीत, पण मागच्या चाकाच्या पुढे स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार. आत कॅमेरा घातला तर मधला पडदा (सिलमधला उभा पत्रा) खालून खाल्लेला आणि कॅसल रेलचे (सिलखालच्या पट्टीचे) पापुद्रे सुटलेले. आधी कुणीतरी जुन्या सिलवरच नवा पत्रा चढवलाय, मध्ये पाणी साचून सगळं कुजलं. (ही थिगळं बघितली की हात शिवशिवतात.)

छप्पर नाही, म्हणजे गाडीची ताकद सिलमध्येच. आधार न देता कापलं तर बॉडी मधोमध खचणार आणि दार लागणार नाही. म्हणून बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत २५ मिमी चौकोनी पाइप वेल्ड करतोय. दाराच्या फटी मोजून लिहिल्यात. एका वेळी एकच बाजू. पत्रा १.२ मिमी, मिग वेल्डरची तार ०.६ मिमी. पेट्रोलची टाकी आधीच उतरवली आहे.

अडलंय ते इथे:

पुढचं मडगार्ड बोल्टचं, ते निघतं. मागचं मात्र वेल्ड केलेलं, आणि सिल त्याच्या आत जातो. खालचा भाग किती उंचीवर कापावा, म्हणजे पडद्याचं टोक दिसेल आणि परत जोडताना उष्णतेने पत्र्याला लाटा पडणार नाहीत?

खालच्या कडेला पत्र्याचे तीन-चार थर एकत्र येतात. प्लग वेल्डला (वरच्या थरात भोक पाडून ते वेल्डने भरणं) ६ मिमीचं भोक पुरेल की ८? ६ला वरचा थर वितळतो, खालचा पकडतच नाही असं तुकड्यांवर दिसलं.

कापलेल्या जोडांचे फोटो असतील तर टाका.