‘हार्मोन घेतले की मेंदू जातो’ हे सिद्ध केले कोणी?

आकडेमोड : ‘पाळी जातानाची चिडचिड हा मनाचा खेळ आहे, रोज चालावे, हार्मोनच्या गोळ्यांनी मेंदू जातो, हे अमेरिकेतील परिचारिकांवरील संशोधनाने सिद्ध झाले आहे,’ असे सह्यभ्रमण यांनी कालच्या लेखात ठोकून दिले आहे. ही दोन अभ्यासांची खिचडी आहे. परिचारिकांचा अभ्यास 1976 साली 1,21,700 जणींपासून सुरू झाला आणि दर दोन वर्षांनी प्रश्नावली पाठवून चालू राहिला; कोणी कोणती गोळी घ्यावी, हे संशोधक ठरवत नव्हते. उलट, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे हार्मोन घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, असेच 1985 साली त्यातून दिसले होते. स्मृतिभ्रंशाची भीती ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या दुसऱ्या अमेरिकी अभ्यासातील, गोळी कोणाला द्यायची हे संशोधकांनीच ठरवलेल्या, चाचणीतून 2003 साली आली, आणि त्या स्त्रिया पासष्टीच्या पुढच्या होत्या. पन्नाशीतल्या बाईला तो निष्कर्ष कोणत्या आधारावर लावला?

सह्यभ्रमण : सनावळी पाठ आहे, अभिनंदन. 1985 सालचा दिलासा 2002 साली कोसळला, हे मात्र आपण गाळलेत; त्याच ‘इनिशिएटिव्ह’ची 16,608 स्त्रियांवरील हार्मोनची चाचणी, स्तनाचा कर्करोग वाढल्यामुळे, मुदतीआधी थांबवावी लागली. गोळ्या घेणाऱ्या परिचारिका मुळातच तब्येतीला जपणाऱ्या असतील, तर श्रेय गोळीला कसे? माझ्या आईने एकही गोळी घेतली नाही; ब्याऐंशीव्या वर्षी तिला सगळ्या नातवंडांचे वाढदिवस तोंडपाठ आहेत.

जुनी सिस्टर : आपल्या आईंना रात्रपाळी होती का? मी एकतीस वर्षे केली. पाळी जायच्या सुमारास पहाटे तीन वाजता अंगातून अशी वाफ निघे की, इन्सुलिन शोधण्याच्या निमित्ताने मी औषधांचा फ्रिज उघडून त्यापुढे उभी राहत असे. सकाळी घरी जाऊन मुलांवर ओरडायचे आणि मग मोरीत रडायचे. हा मनाचा खेळ? त्याच परिचारिकांना 1988 साली विचारले होते की, महिन्यात किमान तीन रात्री ड्यूटी किती वर्षे केली; तीस किंवा अधिक वर्षे करणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग जास्त असल्याचे 2001 साली छापून आले. त्याबद्दल आपल्या लेखात एक ओळ नाही.

सह्यभ्रमण : विषय हार्मोनचा आहे, ड्यूटी लावण्याचा नव्हे.

जुनी सिस्टर : झोप, रात्री अंधारात शरीरात तयार होणारे मेलाटोनिन हे हार्मोनच्या बाहेरचे आहे का? रात्रपाळी बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2007 साली ठरवले. आमच्या मेट्रनबाईंना मी हे सांगितले, तेव्हा त्यांनी पुढच्या महिन्यात मला दोन रात्री वाढवून दिल्या.

आकडेमोड : सिस्टर, रात्रपाळ्यांवर वेगळा धागा काढावा. मूडविषयी म्हणाल, तर याच अभ्यासात रोज चार किंवा अधिक कप कॉफी घेणाऱ्यांत नैराश्य सुमारे 20 टक्क्यांनी कमी आढळले होते.

जुनी सिस्टर : मग आमच्या वॉर्डात रोज आनंदोत्सवच असायला हवा होता. थर्मास भरभरून प्यायलो आम्ही. आणि वेगळा धागा कशाला? ज्यांच्या उत्तरांवर तुम्ही दोघे भांडत आहात, त्यांचे कामच तुम्हाला विषयाबाहेरचे वाटते.

आकडेमोड : कॉफीने नैराश्य टळते असे मी म्हटले नाही, प्रश्नावलीतून एवढेच कळते की, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या. सह्यभ्रमण यांचा श्रेयाबद्दलचा आक्षेपही, नाइलाजाने का होईना, मान्य. पण त्यांनी घाबरवण्यासाठी वापरलेला आकडा तरी पाहावा : दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्या पासष्टीपुढच्या दहा हजार जणींमागे वर्षाला 22 ऐवजी 45 जणींना स्मृतिभ्रंश झाला. धोका दुप्पट झाला, हे खरे. ‘मेंदू जातो’ हे खरे नाही.

सह्यभ्रमण : आपल्या समाधानासाठी ‘पासष्टीनंतर घेतल्यास’ एवढे शब्द घालतो. शीर्षक बदलणार नाही.

जुनी सिस्टर : आणि ‘मनाचा खेळ’?