रोड बाइक बदलतेय: केबल डिस्क ब्रेक की हायड्रॉलिक?
मी बेळगावची. उंची ५ फूट १ इंच, हात लहान. जांबोटीमार्गे चोर्ला घाटात जाते, पावसातसुद्धा. सध्याच्या सायकलला रिम ब्रेक आहेत, म्हणजे पॅड थेट चाकाच्या कडेवर (रिमवर) दाबले जातात. ओल्या उतारावर आधी रिमवरचं पाणी पुसलं जातं, मग कुठे पकड येते, आणि तोवर वळण आलेलं असतं. खरंच भीती वाटते. पॅड बदलले, केबल नवी घातली, लिव्हर जवळ घेतला, फरक थोडाच. या फ्रेमला डिस्क ब्रेक (चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर दाबणारे) बसत नाहीत, म्हणून सायकलच बदलायची, बजेट ८० हजार. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) बोटांना हलके, पण माझ्या मेकॅनिककडे ब्लीड किट (त्यातली हवा काढून द्रव भरायचं साहित्य) नाही. केबल डिस्क (तारेने ओढले जाणारे) तो सांभाळेल. लहान हाताच्या कुणी ताईंनी घाटात केबल डिस्क वापरलेत का? लांब उतारावर बोटं भरून येतात का?