स्कूबासाठी विश्वासार्ह घड्याळ कोणते घ्यावे?

प्रश्न: तारकर्लीला ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम करण्याचा विचार आहे. माझ्या रोजच्या घड्याळावर ‘५० मीटर’ असे छापले आहे आणि आम्ही १८ मीटरच्या खाली जाणार नाही. तेच घड्याळ वापरले तर चालेल का?

प्रतिसाद १: चालणार नाही. तो आकडा स्थिर दाबाखालील चाचणीचा असतो, तितक्या खोलीवर नेण्याची मुभा नव्हे. असे घड्याळ पोहण्यापुरतेच समजावे. तबकडीवर ‘डायव्हर्स २०० मी.’ असे लिहिलेले, म्हणजे आयएसओ ६४२५ या मानकानुसार छापील आकड्याच्या सव्वापट दाबाखाली तपासलेले घड्याळ घ्यावे. चावी स्क्रूने आवळली जाणारी असावी. पाण्यात उतरल्यापासून गेलेला वेळ दाखवणारे तबकडीबाहेरचे कडे एकाच दिशेने फिरणारे हवे, कारण त्याला चुकून धक्का लागला तरी गेलेला वेळ प्रत्यक्षापेक्षा जास्तच दिसतो, कमी दिसत नाही.

प्रतिसाद २: सहमत आहे, मात्र घड्याळ केवळ वेळ सांगते, खोली मोजून शरीरात मुरणाऱ्या नायट्रोजनचा हिशेब ठेवण्याचे काम डाइव्ह कॉम्प्युटरचे आहे, त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर मी आधी तोच घेईन. आणखी एक, सेल बदलल्यावर दाबचाचणी करून घ्या. मी ती टाळली आणि मालवणात दुसऱ्याच डाइव्हला काचेखाली धुके जमले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पट्टा कोणता घ्यावा?

प्रतिसाद १: वेटसूटच्या (डाइव्हच्या वेळी घालायच्या रबरी पोशाखाच्या) बाहीवरून बसेल इतका लांब, रबराचा. चामड्याचा मुळीच नको. डाइव्हनंतर घड्याळ गोड्या पाण्याने धुवावे.