हायड्रोलाइज्ड आहार चालू असताना कुत्र्याला खाऊ काय द्यायचा?

मोतीची_आई:
मोती ४ वर्षांचा, वजन १२ किलो. पंजे सतत चाटतो, कान लाल होतात, शीही अधूनमधून पातळ. खाण्याची अ‍ॅलर्जी आहे का, याची चाचणी म्हणून डॉक्टरांनी ८ आठवडे फक्त हायड्रोलाइज्ड (म्हणजे प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेलं, त्यामुळे अ‍ॅलर्जीची शक्यता कमी) कोरडं खाणं सांगितलंय. पण शिकवताना हातात काहीतरी लागतंच. पाकिटावर 'ग्रेन-फ्री, बदक' लिहिलेली बिस्किटं चालतील का?

खाऊचा_डबा:
नको, ताई. गव्हापेक्षा बीफ, दूध आणि चिकन यांचाच त्रास कुत्र्यांना जास्त वेळा होतो, त्यामुळे 'ग्रेन-फ्री' लिहिलंय एवढ्यावर भरवसा ठेवू नका. पाकिटामागची यादी शेवटपर्यंत वाचा. पुढे मोठ्या अक्षरात बदक आणि मागे बारीक अक्षरात चिकनची चरबी किंवा चिकन लिव्हर, असं खूपदा असतं. नुसतं 'प्राणिजन्य घटक' किंवा 'फ्लेवर' लिहिलं असेल तर तो कुठल्या प्राण्याचा ते कळायला मार्गच नाही. शिवाय एकाच यंत्रावर वेगवेगळी मांसं दळली जातात, म्हणून यादीत नसलेलं प्रथिनही पाकिटात सापडतं.

या ८ आठवड्यांत खाऊ म्हणजे त्याच पिशवीतले दाणे. सकाळी दिवसभराचं खाणं वजन करून घ्या, त्यातला दहावा भाग वेगळ्या डबीत काढा आणि शिकवताना तेवढंच वापरा. वेगळ्या कॅलरी मोजत बसायला नको. एका वेळी एक दाणा पुरतो.

भट्टीवाला:
दाण्यांना तो कंटाळला तर त्याच दाण्यांची बिस्किटं करा. १ कप दाणे मिक्सरमध्ये बारीक करा आणि पाऊण कप कोमट पाणी थोडं थोडं घाला. सगळं एकदम ओतू नका. पीठ पाणी हळूहळू पितं, म्हणून १० मिनिटं झाकून ठेवा. नंतरही हाताला चिकटलं तर आणखी थोडी दाण्यांचीच भुकटी घाला. कणीक, अंडं, तूप काहीही नाही. चिमूटभर घातलं तरी चाचणी बिघडते.

बटर पेपरवर अर्धा सेंटीमीटर जाड थापा, सुरीने नखाएवढे चौकोन पाडा आणि १७५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं भाजा. मध्ये एकदा उलटा. घोळ होतो तो जाडीत: वरून कडक दिसतं, आत ओल राहते आणि दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. एक तुकडा मोडून बघा. मध्ये गडद, मऊ रेघ दिसली तर ओव्हन बंद करून दार किंचित उघडं ठेवा आणि ट्रे आतच गार होऊ द्या. फ्रीजमध्ये ४-५ दिवस टिकतात, बाकीची फ्रीजरला टाका.

ट्रे आधी साबणाने घासून घ्या, जुन्या चिकनचा तेलकटपणा कोपऱ्यात राहतो. आणि ही बिस्किटंही रोजच्या मोजलेल्या दाण्यांतूनच करायची.

मोतीची_आई:
हे जमेल. ८ आठवड्यांनंतर काय? गाजर, सफरचंद लगेच सुरू करू का?

खाऊचा_डबा:
लगेच नाही. खाज आणि शी सुधारली असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून जुनंच खाणं परत द्यायचं. त्रास उलटला तरच दोष खाण्याचा होता हे पक्कं होतं. नाहीतर ऋतू बदलला म्हणूनही खाज कमी झालेली असू शकते. ही पायरी लोक गाळतात आणि मग वर्षानुवर्षं महागडं खाणं उगाच चालू राहतं.

त्रास परत आला की पुन्हा हायड्रोलाइज्डवर या, तो पूर्ण शांत होऊ द्या, मग एकेक पदार्थ: साधं उकडलेलं चिकन रोज थोडं, १४ दिवस. पोटाची तक्रार बहुतेक एक-दोन दिवसांत कळते, त्वचेला दोन आठवडेही लागतात. दोन पदार्थ एकत्र दिलेत तर दोषी कोण ते सांगता येणार नाही. गाजरही याच रांगेत. सफरचंद देताना बिया काढा. द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, चॉकलेट आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं पीनट बटर कधीच नाही.

भट्टीवाला:
एक राहिलं. खाऊ बंद केला तरी मांस दुसऱ्या वाटांनी पोटात जातं. जंतांची किंवा गोचिडांची चघळायची गोळी, चिकनच्या चवीची टूथपेस्ट, जिलेटिनची कॅप्सूल. या ८ आठवड्यांपुरती बिनचवीची गोळी किंवा मानेवर लावायचं औषध चालेल का, ते डॉक्टरांना आत्ताच विचारा, पुढच्या डोसची तारीख यायच्या आधी.