क्लाइनबाईंचा कुलूपबंद खण

मेलनी क्लाइन या खेळातून मुलांवर मानसिक उपचार करणाऱ्या मनोविश्लेषक. 'त्यांनी मुलांपुढे खेळणी टाकली आणि नुसत्या बघत बसल्या' असं कुणी म्हटलं, तर ते काही पटत नाही. खेळणी निवडण्यातच अर्धं काम होतं. लाकडाची छोटी माणसं, बहुधा दोन मापांची. गाड्या, आगगाडी, प्राणी, कुंपणं, ठोकळे. शिवाय कागद, कात्री, डिंक, दोरी. माणसांना कुठल्या पेशाचा वेश मुद्दाम नसे. पोलीस दिला की गोष्ट आधीच ठरून जाते. साधं बाहुलं आज बाबा, उद्या धाकटा भाऊ.

प्रत्येक मुलाला स्वतःचा खण, कुलूपबंद. खोलीत नळ आणि धुता येईल अशी जमीन. 1923 साली पावणेतीन वर्षांच्या रीटावर तिच्याच घरी उपचार झाले, आणि तेव्हाच कळलं की घर ही त्यासाठी जागा नव्हे.

मोडक्या खेळण्याचं मात्र खरं बघण्यासारखं. मूल ते खणात ढकलून आठवडेच्या आठवडे बघतही नाही. अशा वेळी 'चल, चिकटवू या' म्हणायचं नाही, रागवायचंही नाही. ज्याच्यावरचा राग त्या खेळण्यावर निघाला, त्याची धास्ती कमी झाली की मूल आपणहून ते शोधतं. बाईंच्या अंगावर धावून जायला मात्र परवानगी नसे.

मुलांच्या खेळाचा असा अर्थ लावण्यात घाई होते हा मुलांच्याच दुसऱ्या मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांचा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो: खेळण्यातला दिव्याचा खांब पाडणाऱ्या मुलाला कुणाचा राग असेलच असं नाही, त्याने काल रस्त्यात तसंच काही पाहिलं असू शकतं.