मॉडरेटर हवेत: अर्ज मागवायचे की हेरून विचारायचं?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

ऑनलाइन चर्चेचा समूह वाढला, रोज चाळीस-पन्नास तक्रारी यायला लागल्या, की त्या बघून नको ते प्रतिसाद काढायला माणसं हवीत म्हणून पाटी लागते: "स्वयंसेवी मॉडरेटर हवेत. इच्छुकांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा." माझ्या मते ही पाटीच लावू नये. तिला पहिला प्रतिसाद देतो तो मागच्या आठवड्यात कुणाशी तरी भांडलेला माणूस. त्याला हिशेब चुकता करायचा असतो, आणि इतक्या उत्साहाने आलेल्याला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं.

आधी मोजणी करा. मागच्या चार आठवड्यांच्या तक्रारी काढा, दिवसाचे तीन-तीन तासांचे आठ तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात तक्रारी किती आल्या आणि पहिली दखल घेईपर्यंत किती वेळ गेला, एवढंच लिहा. पुष्कळदा असं दिसतं की माणसं पुरेशी आहेत, पण सगळी एकाच वेळी जागी असतात. अशा ठिकाणी पाच नवे घेतलेत तरी पहाटेची जाहिरातबाजी सकाळपर्यंत तशीच लटकणार.

मग तक्रारी करणारे कोण ते बघा. तीन महिन्यांत ज्याने वीसेक तक्रारी केल्या आणि त्यातल्या सोळा-सतरा ग्राह्य ठरल्या, तो हे काम आताच करतो आहे, फक्त बटण त्याच्याकडे नाही. शेवटची चाळणी: त्याचा स्वतःचा प्रतिसाद कधी उडवला गेला का, आणि त्यावर तो कसा वागला? "का उडवला?" असं एकदा विचारून उत्तर ऐकून घेतलं असेल, तर त्याला विचारा. तीन दिवस उपधागे काढत बसला असेल तर सोडून द्या.

आडवाप्रश्न

यालाच कंपू म्हणतात! तक्रार ग्राह्य की अग्राह्य हे कुणी ठरवलं? सध्याच्या मॉडरेटरांनी. म्हणजे ज्याचं मत त्यांच्याशी जुळतं त्याचा आकडा चांगला, आणि आकडा चांगला म्हणून तोच आत. तुमची चाळणी शहाणी माणसं शोधत नाही, आरसे शोधते. समूहात एखाद्या गटावर सतत जास्त कात्री चालत असेल, तर त्या गटातला कुणीही तुमच्या यादीत कधीच येणार नाही.

स्टॅक एक्सचेंज या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांच्या जाळ्यावर पद्धत उघड आहे. नवीन संकेतस्थळावर हंगामी मॉडरेटर कंपनी नेमते, कारण मत द्यायला पुरेसे लोकच नसतात. स्थळ स्थिरावलं की निवडणूक: उमेदवारी जाहीर, सगळ्यांना तेच प्रश्न, मग पसंतीक्रमाने मतदान. पसंतीक्रम यासाठी की एकाच मोठ्या गटाने सगळ्या जागा पटकावू नयेत. तुमचा समूह "वाढता" असेल तर नेमणुकीचं वय संपलं.

पाटीपेन्सिल

आरशाचा मुद्दा मान्य, तो धाग्यात यायला हवा होता. त्यावर उपाय आहे: अग्राह्य ठरलेल्या तक्रारींतून तीसेक कुठल्याही उचला आणि दुसऱ्या माणसाला नावं झाकून वाचायला द्या. पाच-सहा ठिकाणी तो उलट म्हणाला, तर दोष चाळणीत आहे.

पण निवडणूक? इंग्रजी विकिपीडियावर प्रचालक (तिथले मॉडरेटर) होण्यासाठी आठवडाभर उघड्यावर उलटतपासणी व्हायची. कित्येक वर्षांपूर्वीची संपादनं उकरून काढली जायची. २००७ साली तिथे ४०८ प्रचालक झाले, २०२१ मध्ये ७. घट फक्त उलटतपासणीमुळे झाली असं मी म्हणत नाही, सोपं काम यंत्रांकडे गेलं हेही आहेच. पण चांगली माणसं "नको ती शोभा" म्हणून उभीच राहत नव्हती, ही तिथल्यांचीच जुनी तक्रार. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी गुप्त मतदान करून पाहिलं आणि एका फेरीत ११ जण आले. विकिपीडियाएवढा पसारा असून हे. पाच हजार सदस्यांच्या समूहात निवडणूक म्हणजे जो जास्त लिहितो आणि बरा विनोद करतो, तो जिंकणार.

आडवाप्रश्न

म्हणजे दोष उघड मतदानाचा निघाला, निवडणुकीचा नव्हे. गुप्त घ्या. माझाच मुद्दा सिद्ध केल्याबद्दल आभार.

तिसराडबा

तुम्ही दोघेही "मॉडरेटर" ही एकच वस्तू आहे असं धरून चाललात. तक्रारींची रांग उघडून बघा. तीत मोठा भाग जाहिराती, दोनदा पडलेले धागे, चुकीच्या विभागात टाकलेले प्रश्न. याला न्यायबुद्धी लागत नाही, हात लागतात. ते काम वाटून टाका, मग खरे मॉडरेटर फारच थोडे लागतात.

स्लॅशडॉट या तंत्रज्ञानाच्या बातम्या-चर्चांच्या स्थळावर हे फार जुनं आहे. नियमित वाचकांतून यंत्रणाच माणसं उचलायची, इतरांचे प्रतिसाद वर-खाली करायला हातात पाच गुण द्यायची, तीन दिवसांत वापरा नाहीतर गेले. ज्या चर्चेत स्वतः लिहिलंत तिथे गुण चालत नाहीत. सत्ता थोडी, थोडा वेळ, आणि स्वतःच्या भांडणात शून्य. डिस्कोर्स या चर्चामंच चालवायच्या सॉफ्टवेअरवर विश्वासाच्या पायऱ्या आहेत, पायरीगणिक अधिकार वाढतात: तिसऱ्या पायरीसाठी, बाकीच्या अटींसोबत, मूळ मांडणीत शेवटच्या १०० दिवसांपैकी ५० दिवस हजेरी लागते, आणि येणं थांबलं की पायरी आपोआप उतरते. अर्जही नको, हेरणंही नको.

पाटीपेन्सिल

जाहिरातींपुरतं +१. पण हजेरी म्हणजे पारख नव्हे. रोज येऊन फक्त काड्या टाकणाराही ५० दिवस भरतो. आणि छळाचं प्रकरण कधीच एका प्रतिसादात दिसत नाही. एकच आयडी एकाच सदस्याच्या मागे तीन महिने फिरतो, दर वेळी वाक्य नियमात बसणारं. ते पकडायला आधीच्या नोंदी माहीत असलेला माणूस लागतो. तीन दिवसांसाठी आलेल्याला त्यात काय दिसणार?

कोरडीनोंद

निवड कशीही करा, कात्री हातात देण्याआधी परीक्षा घ्या. जुनी बारा प्रकरणं, नावं काढून: तीन उघड जाहिराती, दोन उघड शिवीगाळ, उरलेली सात काठावरची. उमेदवाराने प्रत्येकाला दोन ओळी लिहायच्या, काय करणार आणि का. नमुना:

"आकडा मूळ लेखातच दिलाय. वाचता येत नसेल तर आधी चष्मा बदला."

एक जण लिहितो, "वैयक्तिक शेरा, उडवला." दुसरा, "ठेवला, एवढं चालतं." तिसरा, "पहिलं वाक्य कामाचं आहे. दुसरं काढून सुधारायला व्यनि केला. आधी दोन वेळा समज दिली आहे का ते बघेन." उत्तर बरोबर की चूक यावर गुण देऊ नका. पहिल्या दोघांनी बटण शोधलं, तिसऱ्याने नोंदवही मागितली. तोच घ्यायचा. आणि सध्याच्या मॉडरेटरांनाही तीच बारा प्रकरणं वेगवेगळी सोडवायला लावा. त्यांचीच उत्तरं चार-पाच ठिकाणी फाटली, तर भरती थांबवा आणि आधी नियम लिहा. नाहीतर नवा माणूस ज्याच्या हाताखाली शिकेल त्याचा नियम उचलेल, आणि सदस्य म्हणतील की रात्रीचा मॉडरेटर कडक आहे, सकाळी टाका.

आडवाप्रश्न

अवांतर: मी उडवला असता. चष्म्यावर बोललेलं मला खपत नाही.

परीक्षेला मात्र बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). प्रकरणं निवडणारा आणि तपासणारा वेगळा असावा, एवढी भर.

उलटमोजणी

धाग्यातल्या तीन-तीन तासांच्या तुकड्यांवर मोठी हरकत. ते तुकडे लवकरच हजेरीपत्रक होतात. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने नेमकं हेच केलं होतं: हजारो स्वयंसेवक, ठरलेल्या पाळ्या, तासांच्या नोंदी, प्रशिक्षण, बदल्यात फुकट खातं. १९९९ मध्ये माजी स्वयंसेवकांनी दावा लावला की ही नोकरीच आहे, वेतन द्या. २०१० मध्ये दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. मागे कंपनी असेल, जाहिरातीचं उत्पन्न असेल, तर "मंगळवारी रात्री दहा ते एक तुमची पाळी" हे वाक्य लिहिण्याआधी वकिलाला विचारा. हौशी समूहातही पाळी लावली की न आलेला माणूस गुन्हेगार ठरतो आणि महिन्याभरात सोडून जातो.

पाटीपेन्सिल

तुकडे भरती कुठून करायची ते कळावं म्हणून आहेत, हजेरीसाठी नाहीत. पहाटे रिकामी असेल तर जो एरवीही पहाटे वाचत असतो त्याला विचारायचं. त्याचं झोपेचं वेळापत्रक बदलायला सांगायचं नाही. पण हो, हे स्पष्ट लिहायला हवं होतं.

कोरडीनोंद

नेमणुकीनंतरचं कुणी बोलत नाहीये, आणि घसरतं तिथेच. एकदम सहा जण घेऊ नका. एका जुन्या माणसामागे दोन नवे, त्याहून जास्त प्रश्नांना तो उत्तरं देऊ शकत नाही. पहिले दोन आठवडे फक्त रांग वाचायची आणि "मी असं केलं असतं" असं लिहायचं. पुढचे चार आठवडे प्रतिसाद झाकण्याचा अधिकार, कारण झाकलेलं परत उघडता येतं. कायमचं उडवणं आणि बंदी त्यानंतर, आणि बंदीला कायम दोन सह्या. स्वतः लिहिलेल्या धाग्यात कात्री चालवायची नाही, स्लॅशडॉटचा तेवढा नियम डोळे मिटून घ्या.

खात्याला दुहेरी पडताळणी (पासवर्डवर आणखी एक कोड) पहिल्याच दिवशी. मॉडरेटरचं खातं चोरीला गेलं तर एका रात्रीत अर्धा समूह पुसला जातो. मुदत सहा महिने, आणि नूतनीकरण आपोआप नको. "पुढे चालू ठेवतो" असं लिहून आलं तरच. नाहीतर वर्षभर न फिरकलेले चार जण अधिकार घेऊन यादीत बसतात, आणि नवे लोक "बारा मॉडरेटर आहेत, मग कामं का होत नाहीत" म्हणून विचारतात.

उलटमोजणी

मुदतीला अनुमोदन. निमंत्रणातच लिहा. माझा मसुदा: "आठवड्याला साधारण तीन तास लागतील. शिव्या खाव्या लागतील, क्वचित धमकीही येईल. आली तर उत्तर देऊ नका, आम्हाला पाठवा. सहा महिन्यांनी विचारू. मध्येच थांबायचं असेल तर एक ओळ पुरे, कारण विचारणार नाही. नको असेल तर आत्ताच नाही म्हणा, नाव कुठेही येणार नाही."

आडवाप्रश्न

"तीन तास" लिहिण्याआधी सध्याच्या मॉडरेटरांचे खरे तास दोन आठवडे मोजा. सात निघाले तर सात लिहा. आणि हा मसुदा अर्ज मागवणाऱ्या पाटीवरही जसाच्या तसा लावता येतो. शिव्यांची ओळ वाचून हिशेब चुकता करायला आलेले निम्मे परत फिरतील.

पाटीपेन्सिल

उरलेले निम्मे तुमच्याकडे पाठवतो, बारा प्रकरणांसकट.