मदत हवी आहे: पाम हँडहेल्डवर मोडेमचं सेटिंग

नमस्कार मंडळी, सांगलीहून लिहितोय. आप्पांचा मार्केट यार्डात हळदीचा व्यापार होता. त्यांच्या पाम एम १२५ या खिशात मावणाऱ्या छोट्या संगणकात गिऱ्हाइकांचे पत्ते आणि रोजची टिपणं आहेत, स्टायलसने एकेक अक्षर गिरवून घातलेली. ऑगस्ट २०१९ च्या पुरात क्रेडल (पाम कॉम्प्युटरला जोडायची बैठक) आणि कॉम्प्युटर दोन्ही गेले. हे यंत्र तेवढं आईने पिठाच्या डब्यात घालून माळ्यावर टाकलं होतं, म्हणून वाचलं. सेल पूर्ण उतरले तर आतलं सगळं पुसलं जातं, त्यामुळे ते बदलताना अजून हात थरथरतो.

आता इन्फ्रारेड असलेला जुना फोन मोडेम (इंटरनेटला जोडून देणारं साधन) म्हणून वापरून ही टिपणं मेल करायची आहेत. मेलचा प्रोग्रॅम आप्पांनी पूर्वीच घालून घेतलाय. प्रेफरन्सेसमध्ये कनेक्शनला इन्फ्रारेड निवडलं, नेटवर्कमध्ये फोन नंबर *९९# (मोबाईल इंटरनेटचा) दिला. पाम आणि फोनच्या इन्फ्रारेडच्या खिडक्या समोरासमोर वीतभर अंतरावर ठेवल्या. फोनवर खूण उमटते, डायलिंग सुरू होतं आणि तिथेच तुटतं.

मोडेमची इनिशियलायझेशन स्ट्रिंग (डायल करण्याआधी मोडेमला जाणारी आज्ञांची ओळ) मूळचीच आहे, शेवटी एक्स ४ असलेली. एक्स ४ म्हणजे डायल टोनची वाट पाहणं ना? मोबाईलला तो टोन नसतोच, मग एक्स ३ करू का? आणि सिमकार्डाचं ॲक्सेस पॉइंटचं नाव (कंपनीच्या इंटरनेटला जोडण्यासाठी लागणारं) फोनमध्ये भरायचं की या स्ट्रिंगमध्येच?

एकेक पत्ता बीम होतो (इन्फ्रारेडने दुसऱ्या यंत्रात जातो), पण शेकडो आहेत. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा, काही बिघडवण्याआधी विचारतोय.